तेराव्या अंगठ्याचं नाव

"मतदार यादीत माझं नाव का न्हाई?"

"हाय की. 'कडूबाची बायको' लिवलंय."

"ते तुमचं नाव झालं. माझं कुठंय?"

"गाव वळखतं, तेवढं बस्स न्हाई का?"

"गाव तर तुमच्या बैलालाबी वळखतं."

आईबापाचं हे भांडण चतुराबाईनं सात वर्षांची असताना कणगीमागून ऐकलं होतं. पुढं तसली नावं यादीतून उडवली, तेव्हा मंठ्याजवळच्या त्या गावातल्या तेरा बायकांनी अर्ज केला, आम्हाला आमच्या नावानं मत द्यायचंय. मुनशीनं तो उर्दूत लिहिला. निजामाचं राज्य गेलं होतं, मुनशीचा हात काही बदलला नव्हता. प्रत्येक नावापुढं अंगठा. दोन प्रती केल्या. एक कचेरीनं ठेवली, दुसरी शिक्का मारून परत दिली.

दोन वर्षांत माय गेली. प्रत चुलतीनं, कांताबाईनं सांभाळली. चतुराबाईचं सासर गावातच होतं, पुढं ती प्रत तिच्या पेटीत आली.

मराठी दुसरीपर्यंतच शिकलेल्या बाईला जपायचं म्हणजे पुजायचं, एवढंच ठाऊक. खंडेनवमीला लोक विळा-खुरपं पुजतात, ही अर्ज पुजायची. कांताबाईनं शिकवल्याप्रमाणं एकेक नाव घ्यायचं आणि त्या ओळीला ओलं कुंकू लावायचं. बारा नावं पाठ होती. तेराव्या ओळीला कांताबाई नुसतं म्हणायची, "ही तुझी माय." थोरल्या जावेचं नाव कसं घेणार? आणि मायेची म्हणून चतुराबाई तिथं कुंकू जरा जास्तच लावायची.

गेल्या वर्षी जुन्या अर्जांचा शोध घेत जालन्याच्या कॉलेजातली आकांक्षा आली. कचेरीतली प्रत तिला कुठंच सापडली नव्हती. तिनं घडी उलगडली आणि कागद उजेडाला धरला.

"आजी, हे काय केलंत?"

"जपलं की, बाई. सत्तर वर्षं."

कुंकवाखाली एकही नाव वाचता येत नव्हतं. तेराव्या ओळीला तर कागद कुजून भोक पडलं होतं. चतुराबाईनं बारा नावं सांगितली, आकांक्षानं लिहून घेतली.

"आणि तेरावं?"

चतुराबाईनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बाप 'अगं' म्हणायचा, गाव कडूबाची म्हणायचं. विचारावं असं कोणी उरलं नव्हतं.

"मग 'चतुराबाईची माय' लिहू?"

"न्हाई." आवाज जरा चढलाच. "त्याच्यावरूनच तर भांडली होती ती. जागा तशीच ठेव."

"कोरी?"

"कोरी. माझ्याच बोटानं पुसलंय, बाई. आता त्यावर माझं नाव नको."

त्या खंडेनवमीला पेटी उघडली नाही. जेवणही कमी झालं. सून म्हणाली, "कागदासाठी कोणी एवढं खंगतं का, आत्याबाई?" ती म्हणाली, "तुझं नाव मला येतं ना, बास."

नोव्हेंबरात मतदान आलं. तेच तिचं शेवटचं. पुढच्या सोमवारी ती गेली. पण मतदानाच्या दिवशी दर वेळेसारखीच सकाळी निघाली. वाटेत गिरणीवर ज्वारीचा डबा ठेवला. शाळेत रांगेत उभी राहून पुटपुटत बारा नावं घेतली, तेराव्याला गप्प राहिली. साहेबानं यादीतून वाचलं, "चतुराबाई तातेराव." "मीच," म्हणाली. बटण दाबलं. येताना डबा उघडून पीठ चिमटीत चोळून पाहिलं.

"जाडं दळलंस रे," गिरणीवाल्याला म्हणाली, आणि डबा कमरेवर घेऊन घरी आली.