बदललेला कप

सुरतेहून घरी व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा भावाला बघायला आलेल्या दवाखान्याच्या ताई पडवीत बसल्या होत्या. मनाचा आजार बळावल्यापासून भाऊ आईच्या हातचं काही घेत नाही; विष घातलंय म्हणतो. इथे माझा जीव त्यातच अडकलेला.

आईने दोघांना चहा दिला. “चहात कालवलंय,” तो म्हणाला.

“मग माझा घ्या, तुमचा मी पिते.” ताईंनी कप बदलले, त्याच्या चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “मावशी, साखर महागली का हो?”

आम्ही आजवर शपथा घालून त्याला खोटं पाडत आलो. ताईंनी त्याची भीती स्वतःच्या ओठाला लावली. मी सातवीत शाळा सोडली. हे कुठल्या वर्गात शिकवतात, कोण जाणे.

भावानेही घोट घेतला. “फिकाच आहे. आई, साखर घाल.”

आई फोन जमिनीवर ठेवून धावली. मी घराचे पत्रे बघत चमच्याचा आवाज ऐकत राहिलो.