दातेसाहेबांनी आखलेलं थीम पार्क

लोक ट्रिपला जाऊन आले की किस्से सांगतात. आमच्या उज्जैनच्या माधव नगरातल्या ग्रुपचं उलटं आहे. आम्ही सहा वर्षं एका थीम पार्कला नुसते जाणार होतो, आणि त्या जाणार असण्याचेच इतके किस्से साठलेत की आता कुठेतरी ओतल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. ज्यांच्याबद्दल आहेत ते वाचतील, पण त्याची मला फिकीर नाही. त्यांना स्वतःबद्दलचं सगळं कौतुकच वाटतं.

ग्रुप म्हणजे तीन घरं. एक दातेसाहेब. सरकारी खात्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले, पण सुपरवाइज करणं काही सुटलं नाही. त्यांच्या घरात त्यांची बायको, मालतीवहिनी. दुसरे तांबे, टावर चौकात चष्म्याचं दुकान. तिसरी मी, जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलेली, त्यामुळे जिभेला जरा धार आहे.

पार्क मुंबई-पुण्याच्या मध्ये कुठेतरी. वहिनींनी मोबाइलवर तिथल्या रोलर कोस्टरचा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाल्या, "मला यात एकदा बसायचंय." लग्न झाल्यापासून बाईंनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. दातेसाहेब लगेच म्हणाले, "बघू. नीट प्लॅनिंग करावं लागेल."

तिथेच घात झाला.

*

उज्जैनमध्ये राहणाऱ्या माणसाला एक रोग जडतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना दर्शन घडवून घडवून त्याला वाटायला लागतं की रांग ही दुसऱ्यांसाठी असते. तांबे या रोगाचे जुने पेशंट. गर्दी कधी कमी, अभिषेकाला कोणते पंडितजी, पार्किंगवर कोण आपला, सगळं तोंडपाठ.

त्यांनी पार्कच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे एक मुलगी. तांबे म्हणाले, "बेटा, अंदर अपना कोई है क्या?"

ती बिचारी गडबडली. मग तिने सांगितलं की रांग नको असेल तर जास्तीचं तिकीट काढा, वेगळ्या दाराने सोडतात, कोणालाही मिळतं. तांब्यांचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता. कोणालाही मिळतं म्हणजे काय? मग त्यात इज्जत काय राहिली?

शेवटी खूप खटपट करून त्यांनी एक नंबर मिळवलाच. पार्कच्या कँटीनला कांदे पुरवणाऱ्याचा साडू! साडूने ऐकून घेतलं आणि विचारलं, "उज्जैनला असता का? मग श्रावणात आमच्या दर्शनाचं बघाल ना?"

साडू पाच माणसं घेऊन आला. तांब्यांनी दुकान बंद ठेवून सगळा इंतजाम केला. निघताना साडूने सांगितलं की ते पार्क त्याने अजून स्वतःही पाहिलेलं नाही.

*

मग कळलं की पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही. दातेसाहेबांना हा अन्याय वाटला. घरून डबा न नेता हा माणूस कधी बँकेतही गेलेला नाही. तातडीची मीटिंग बोलावली.

मार्ग तांब्यांनी काढला. "प्रसाद म्हणायचं. महाकालचा प्रसाद आहे म्हटल्यावर गेटवर कोण अडवेल? उलट हात जोडेल."

सगळ्यांना पटलं. आधी फक्त लाडू प्रसादात होते. मग दशम्या आल्या. मग शेव आली, कारण शेवेवाचून माळव्यातल्या माणसाच्या घशाखाली काही उतरत नाही. मग बटाट्याची कोरडी भाजी, आणि ती खायला स्टीलच्या ताटल्या. दातेसाहेबांनी यादी वाचून दाखवली. वहिनींनी शांतपणे विचारलं, "आणि लसणाची चटणी? ती कुठल्या देवाची सांगायची?"

 चटणी यादीत राहिली.

*

प्लॅनिंगचा पुढचा टप्पा म्हणजे प्रॅक्टिस. नदीकाठी जत्रा लागली होती. दातेसाहेब म्हणाले, आधी आकाशपाळण्यात बसून प्रत्येकाची कपॅसिटी चेक करू.

पाळणा वर गेला. खाली माणसं चढवायला दोन मिनिटं थांबला. दातेसाहेब अगदी टोकावर. राम घाटापर्यंतची नदी दिसत होती, पण पाहायला डोळे उघडे असावे लागतात. त्यांनी समोरच्या अनोळखी बाईच्या पिशवीचा बंद गच्च धरून ठेवला होता. ती "भाईसाब, छोडो" म्हणतेय आणि हे सोडत नाहीत. खाली आल्यावर मी विचारलं, घाबरलात का? तर म्हणे, "छे, मी मशीनचा आवाज ऐकत होतो. बेअरिंग गेलंय."

मालतीवहिनी तोपर्यंत दुसऱ्यांदा चढल्या होत्या. नंतर तिसऱ्यांदा. उतरल्या तेव्हा गाल लाल झालेले, आणि नुसत्या हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं.

*

त्या पाळण्यानंतर दातेसाहेबांचा उत्साह जरा थंडावला. त्यांनी पार्कचे नियम प्रिंट काढून आणले. बीपीवाल्यांनी मोठ्या राइडमध्ये बसू नये, असं त्यात होतं. बीपी दातेसाहेबांना. निर्णय काय झाला? तर कोणीच बसायचं नाही! ग्रुपने ग्रुपसारखं राहावं.

मग त्यांनी टाइमटेबल केलं. मी ते जपून ठेवलंय. दहा ते अकरा, रोलर कोस्टर खालून बघणे. अकरा ते साडेअकरा, विश्रांती. साडेअकरा ते एक, दुसरी राइड खालून बघणे. मी म्हटलं, हे तर घरी बसून मोबाइलवरही होतं. दातेसाहेब म्हणाले, "मोबाइलवर प्रत्यक्ष गेल्यासारखं वाटत नाही."

वहिनी तेव्हा पोहे आणायला आत गेल्या.

*

एवढं होऊनही आम्ही तीनदा गाडीची तिकिटं काढली, आणि तिन्ही वेळा पाहुण्यांनी खो घातला. महाकालच्या गावात घर असणं म्हणजे बारा महिने पाहुणे. त्यात दातेसाहेबांची पुण्याची मावसबहीण कुंदाताई. त्यांचं कुटुंब वर्षातून दोनदा येतं. फोन आला की दातेसाहेब ठरलेलं वाक्य म्हणतात, "या, या, आपलंच घर आहे." आपलं म्हणजे स्वयंपाकघर सोडून. तिथे दातेसाहेब कधी शिरलेले नाहीत.

तिसऱ्या वेळी तिकिटं रद्द करून वहिनी कुंदाताईंना वाढत होत्या. कुंदाताई आमटी ओरपत म्हणाल्या, "त्या पार्कला आम्ही मागच्याच महिन्यात जाऊन आलो. काही विशेष नाही हो. तुम्ही मुळीच जाऊ नका."

वहिनींनी त्यांना आणखी एक पोळी वाढली. मी असते तर लाटणं वाढलं असतं.

*

चौथ्यांदा तिकिटं काढली ती गेल्या हिवाळ्यात. निघायला चार दिवस असताना पुण्याहून फोन. आठ माणसं येतायत, मुक्काम एक आठवडा. दातेसाहेब म्हणाले, या, या, आपलंच घर आहे.

या वेळी वहिनींनी हात पुढे करून फोन मागून घेतला. आवाज अगदी गोड. "या ना हो कुंदाताई. आमची किल्ली तांब्यांच्या दुकानात असते. तुमची कुठे ठेवताय?"

पलीकडून मग कुंदाताईंनी विचारलं, कशाला? वहिनी म्हणाल्या, मी त्याच आठवड्यात तुमच्याकडे उतरणार आहे, तुमचंही घर आपलंच ना! दातेसाहेब पाहुण्यांसाठी थांबले. दातेसाहेब थांबले म्हणून तांबेही थांबले. गाडीत बसलो आम्ही दोघीच.

पार्कला पोचलो. वहिनींनी पदर खोचला, केसांच्या पिना काढून माझ्या हातात दिल्या आणि थेट पहिल्या डब्यात जाऊन बसल्या. मी शेजारी. गाडी वर चढली, टोकावर एक क्षण थांबली आणि खाली सुटली. मी किंचाळत होते, देवाचं नाव घेत होते, गेल्या जन्मातली पापं कबूल करत होते. वहिनींनी दोन्ही हात वर केले होते.

उतरून वहिनींनी लॉकरमधून पर्स काढली. फोनवर दातेसाहेबांचे सतरा मिस्ड कॉल.  वहिनींनी फोन लावून स्पीकरवर टाकला. मागे कुंदाताईंच्या मंडळींचा गोंधळ ऐकू येत होता.

"अगं, किती फोन केले! ही सगळी चहासाठी खोळंबलीयत. साखरेचा डबा कुठे असतो?"

वहिनींचे केस अजून उभे होते. त्यांनी मागे वळून त्या उंच रुळांकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, "बत्तीस वर्षं आहे, तिथेच आहे."

फोन बंद करून त्यांनी पर्स पुन्हा लॉकरमध्ये ठेवली.