खाडीत टाकलेला बॉक्स

सन २०२३. माझं वय एकाहत्तर. चौथी शिकलेला माणूस मी, पण डोंबिवलीला सुताच्या कारखान्यात गेटवर एकतीस वर्षं कामगारांची झडती घेतली आणि एक रीळ बाहेर जाऊ दिलं नाही. एकाच्या जेवणाच्या डब्यात भाताखाली सूत सापडलेलं. आमच्याच चाळीतला होता, पाया पडला. तरी साहेबापुढे नेला. त्याची नोकरी गेली. मला तेव्हा झोप नीट लागली होती.

तेवीस सालीच आमच्या हिला झटका आलेला. उजवं अंग गेलं. नवीन मालिका तिला समजेनात. झटक्याआधी पाहिलेली एकच समजायची, आणि ती तर टीव्हीवर कधीच संपलेली. मुलाने कल्याणहून इंटरनेटवरचं टीव्हीवर दाखवणारा एक बॉक्स आणून जोडला. त्यात ती मालिका पहिल्या भागापासून होती. पुढचं वाक्य ही आधीच बोलायची आणि वाकड्या तोंडाने हसायची.

मग पेपरात वाचलं, असले बॉक्स विकणाऱ्याला पोलिसांनी धरलं. नुसता बॉक्स विकणं गुन्हा नाही, पण पैसे भरून बघायचं ते फुकट दाखवणारं सॉफ्टवेअर आत भरलं, की ती चोरी. मुलगा म्हणाला, बाबा, घरोघरी आहे, तुम्हाला कोण विचारायला येतंय. मी म्हटलं, कामगाराचा डबाही त्याच्या घरचाच असायचा रे, आत काय आहे ते मी बघायचो. त्याच संध्याकाळी बॉक्स खाडीत टाकून आलो आणि रीतसर केबल घेतली. केबलवर ती मालिका नव्हती.

ही भिंतीकडे तोंड करून पडली. पेजेचा चमचा ओठाला लावला की तोंड मिटायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. चौथ्या दिवशी मी चिडलो. चोरीची वस्तू ह्या घरात चालणार नाही, तुला ठाऊक आहे, म्हटलं. ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली.

"तुम्ही गेटवरच राहिलात," म्हणाली. "घरी आलातच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला न सांगता कल्याणला गेलो. दुकानदार म्हणाला, काका, मी रिकामाच विकतो, आत भरून पाहिजे तर मागच्या गल्लीत जा. गेलो. भरून घेतला. येताना बॉक्स पिशवीच्या तळाला ठेवला आणि वरून मेथीची जुडी टाकली.