पिठलंकाकीचा घास

पिठलंकाकी झाकलेलं पातेलं घेऊन रस्त्यानं निघाली की कुणाकडे तरी माणूस गेलं, हे गावाला वेगळं सांगावं लागत नसे. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण नेतात, तो कडू घास. तळा तालुक्यातल्या आमच्या गावात कडू घास म्हणजे काकीचा पिठलं-भात. आजाऱ्याला बघायला जाताना मात्र ती मुद्दाम रिकाम्या हातानं जायची. एकदा चुकून पिशवी घेऊन गेली, तर खाटेवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "काय गो, घाई झाली काय तुला?"

मयताच्या घरी ती स्वतः कधी रडत नसे. गळ्यात पडून रडणाऱ्या बायकांचा तिला रागच यायचा. ती सरळ आत जायची, भात कालवायची आणि घरातल्या माणसाला आपल्या हातानं भरवायची. "उपाशी मानसाला रडू न्हाय येत नीट," म्हणायची. "आधी खा, मग रड. मी हाय बसलेली." आणि खरंच बसायची, पार दिवेलागणीपर्यंत. माझे वडील गेले तेव्हा दगडासारख्या बसलेल्या आईला तिच्याच हातच्या घासानं रडू फुटलं, ते मी पाहिलंय.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत काकांना अलिबागला नेलं, ते परत आलेच नाहीत. काकीलाही तेच दुखणं, म्हणून ती घरात एकटी कोंडलेली. मुलगा उरणला बंदरावर कामाला, तोही अंथरुणात. आम्ही आळीतल्या बायका ओट्यावर डबा ठेवून फाटकापर्यंत मागे यायचो. मग दार किलकिलं व्हायचं आणि एक हात डबा आत घ्यायचा. मी फोनवर विचारलं, जेवतेस ना. "जेवते गो," ती म्हणाली. "डबा येतो. मानूस न्हाय येत."

गाव खुलं झालं तोवर फार दिवस गेले होते. आता भेटायला जाऊन काय बोलायचं, असं प्रत्येकाला वाटलं असावं. जे गेले ते लशीचं नि पेरणीचं बोलून उठले. काकी रडली नाही याचं लोकांना कोण कौतुक. काळजाची घट्ट आहे म्हणायचे. मला ते घट्टपण बघवत नसे. भरदुपारी दार लावून घ्यायची, टीव्ही चालू आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. झोप नाही म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या निमूट घ्यायची. पुढे गावात आणखी माणसं गेली, पण काकीचं पातेलं काही घराबाहेर पडलं नाही. जेवण दुसरं कुणीतरी नेत राहिलं.

गेल्या पावसाळ्यानंतर माझी आई गेली. दुपारी दारात काकी उभी, हातात पातेलं. खूप वाळली होती. आत आली, माझ्यासमोर बसली, भात कालवला, घास उचलला आणि हात मध्येच थांबला.

"माझ्याकडं कोन आलाच न्हाय गो," ती म्हणाली.

घर माणसांनी भरलेलं होतं. मी तिच्या बोटांतून तो घास घेतला आणि तिच्याच तोंडात घातला. ती मुकाट्यानं चावत राहिली. मी दुसरा घातला. तो गिळता गिळता तिला रडू फुटलं, काकांचं नाव घेऊन, मोठ्यानं.

"रड काकी," मी म्हटलं. "मी आहे बसलेली."