वेड्यांचा तुळशीराम

मुंबईकडच्या एका वेड्यांच्या इस्पितळात बारा वर्षं नोकरी करून तुळशीराम कोळी १९३१ साली रेवसला परतला आणि गावानं लगेच त्याला नाव ठेवलं, ‘वेड्यांचा तुळशीराम’. ठेवेनात का बापडे! फरशी पुसायला लागलेला हा गडी तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा उजवा हात झाला होता. डॉक्टर रोग्यासमोर कधी बसत नसत, शेजारी बसत. "दुखावलेल्या माणसाला प्रश्नांनी बेजार करू नये. त्याला बोलायला जागा द्यावी," असं ते सांगत. तुळशीरामनं तेवढंच गाठीला बांधून आणलं होतं.

गावाला हवा होता अंगारा, नाहीतर निदान औषधाची बाटली. नुसतं शेजारी बसणं हा कसला उपाय?

एके दिवशी अंबाजी त्याच्याकडे आला. त्याचा भाऊ दादू वर्षापूर्वी होडीसकट बुडाला होता, आणि तेव्हापासून दादूची बायको केसर एक शब्द बोलली नव्हती.

"शनवारच्या बोटीनं तिला इस्पितलात सोडतो. तुझी वलख हाय ना तिथं?"

ओळख होती म्हणूनच तर तुळशीराम कबूल होईना. त्या दारातून आत गेलेल्या कितीतरी बायकांना न्यायला पुन्हा कुणी फिरकलं नव्हतं. त्यानं हातापाया पडून आठ दिवस मागून घेतले.

रोज सकाळी तो केसरशेजारी बसून तिच्यासोबत जाळं विणू लागला. विचारत काहीच नसे. पाचव्या दिवशी समोरून एक होडी निघाली, तशी केसरनं हातातली सुई टाकून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. तुळशीराम उठला आणि थेट तिच्या सासूकडे, ठमाबाईकडे गेला, दादू निघाला तेव्हा काय झालं ते विचारायला.

म्हातारी रडली. "दादू निघाला तवा ही पाठून बोलली, कुठं चाललाव? दर्यावर जानाऱ्याला ‘कुठं’ इचारतात काय? मीच बोललू तिला, तुझ्या जिभेनं माझा पोर खाल्ला."

मुदत संपली, शनिवार उजाडला. सगळे केसरला घेऊन किनाऱ्यावर आले, पण बोटीला अवकाश होता. तुळशीराम होडीत चढला आणि किनाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"केसर, मी दर्यावर चाललूय. इचार मला."

बायांनी कानांवर हात ठेवले. खरं सांगायचं तर तोही कोळ्याचाच पोर, ‘कुठं’ला लहानपणापासून भ्यालेला. पण आज तो भ्याला असता तर केसर जन्माची गेली असती.

केसरचे ओठ हलेनात. तेवढ्यात ठमाबाई पुढे आली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "इचार, बाय."

"दादा... कुठं चाललास?"

आवाज घोगरा होता, पण सगळ्यांनी ऐकला. तुळशीरामनं वल्हं मारलं. अंबाजीनं केसरचं गाठोडं तसंच हातात धरून ठेवलं होतं. मुंबईची बोट आली आणि गेली, तरी तो जागचा हलला नाही.

दुपारी तुळशीरामची होडी दिसली. केसर गुडघाभर पाण्यात धावली, होडीची कड दोन्ही हातांनी गच्च धरली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गावाकडे वळून अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"माज्यामुलं न्हाय बुरला माजा दादू!"