रेडिएटरमधली हळद

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. देवाला ठाऊक असेलच म्हणा, पण आपणहून मी त्यालाही बोलले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखीच्या माणसापुढे माझी जीभच उचलत नाही.

आधी यांच्याबद्दल सांगू द्या. हे म्हणजे माझे यजमान. गोंदियाकडच्या केशोरी गावात आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे, थोडी धानाची शेती आहे. मी तापट, भांडी आपटणारी. हे मात्र — लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी कधी माझ्यावर आवाज चढवला नाही. भाजी खारट झाली तर गुपचूप जास्त भात कालवून घेतात आणि वर म्हणतात, ताक फक्कड झालंय आज. अशा माणसाला फसवायला किती धाडस लागत असेल? काही लागत नाही हो. तीच तर लाज आहे.

यांना एकच नाद होता, इंजिनचा. नागपूरच्या एका डॉक्टरांच्या शेडमध्ये दोन दारांची जुनी स्पोर्ट्स गाडी धूळ खात पडली होती, ती यांनी आणली. लाल, आणि इतकी बसकी की सासूबाई म्हणाल्या, "हे का गाडी होय? बसाले एक आन उठवाले दोन मानसं लागतेत!" सारं गाव हसलं. हे पण हसले. आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

महागडं सामान आणायची आमची ऐपत नव्हती, आणि यांना ते नकोच होतं. जे करायचं ते थोड्या खर्चात आणि आपल्या हातानं. भंगारातून जाड पाइप आणून गोंदियाच्या वेल्डरकडून मोकळा सायलेन्सर करून घेतला. पेट्रोल जास्त यावं म्हणून कार्बोरेटरला मोठा जेट बसवला, स्पार्कचा टायमिंग कानानं ऐकून ऐकून लावला. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, काढून त्यातल्या हवेच्या वाटा पॉलिश पेपरनं घासल्या — ओसरीवर बसून, मी तांदूळ निवडत असायची आणि हे हेड घासत असायचे. मग कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढावा म्हणून लेथवर त्याच हेडची खालची बाजू जराशी छिलून घेतली. ते काम नाजूक. जास्त छिललं तर इंजिन तापून मरतं. हे तिथे लेथपाशी उभे राहिले, पुन्हा पुन्हा माप घेतलं. आणि ताकद वाढली की ताप वाढणार म्हणून पंखाही मोठा लावला.

गाडी जी पळाली म्हणता! भर उन्हाळ्यात गोंदियाला जाऊन आलो, वारा भट्टीतून आल्यासारखा, पण तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. यांचा चेहरा तेव्हा कुणी पाहायला हवा होता.

आणि त्याच गाडीवर यांनी मला गाडी चालवायला शिकवलं. आमच्या घरात तोवर एकही बाई स्टेअरिंगला बसली नव्हती. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. हे म्हणाले, "शालू, क्लच हळू सोड, इंजिन काय म्हणते ते आयक." मी ऐकायला शिकले. त्याचे उपकार कसे फेडू?

आता मुद्द्यावर येते. येतेच.

गोंदियाचे एक सेठ होते, मोठ्या गॅरेजचे मालक. जुन्या गाड्यांचा शौक असलेले लोक त्यांच्याकडे यायचे, पण इंजिनवर असं कमी खर्चात काम करणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी यांना निरोप पाठवला — येऊन गाडी चालवून बघतो, पसंत पडली तर माझ्या शेडचा अर्धा भाग तुमचा, काम तुमचं, भागीदारी करू. यांची झोपच उडाली. दुकान वडिलांनी गळ्यात बांधलं म्हणून चालवत होते, हे मला कळत नव्हतं का? आयुष्यात पहिल्यांदा यांना जे हवं होतं ते दाराशी येत होतं. मला एवढंच म्हणाले, "सेठ येऊन जाईपर्यंत गाडी नको काढू."

मी काढली.

हे दुकानाच्या मालासाठी बाहेरगावी गेले होते, चावी खुंटीला होती, आणि मला ती ओढ हवी होती — तिसऱ्या गिअरमध्ये पाठ सीटला चिकटते ती. आमच्या इथल्याच प्रतापगड गावाच्या रस्त्यावर गेले. धानाची कापणी सुरू होती. समोरून हार्वेस्टर आला, सगळा रस्ता अडवून. त्याला वाट द्यायला मी गाडी खाली उतरवली आणि बसकी गाडी ती, पुढून खालचा भाग दगडाला घासला. घरी आले, खाली वाकून पाहिलं. रेडिएटरमधून पाणी ठिबकत होतं.

तेव्हाच सांगितलं असतं तर? हे काय बोलले असते? फार तर "बरं, तुला लागलं नाही ना" म्हणाले असते. हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं.

पण माझ्या बाबांचं मला आठवलं. बाबा राईस मिलचा ट्रक चालवायचे. रेडिएटर बारीक गळायला लागलं की त्यात चिमूट-दोन चिमूट हळद टाकायचे. हळद पाण्यात फुगते आणि भोक बुजवते. आमच्याकडचे ट्रॅक्टरवाले अजूनही करतात. घरापर्यंत पोचायचा जुगाड आहे तो, मग रेडिएटर दुरुस्त करून घ्यायचं असतं. मी चिमूट टाकली नाही. मी घाबरून वाटीभर ओतली. ठिबकणं थांबलं. काय सांगू, मला स्वतःचं कौतुक वाटलं. यांना हळदीबद्दल अवाक्षर बोलले नाही.

त्याच आठवड्यात सेठ आले. गाडी तेच चालवत होते, हे शेजारी, मी मागे आमच्या एका पाहुण्याच्या मोटारसायकलवर. सरळ रस्ता लागला तसा सेठनी पाय दाबला. पुढे जाऊन बघते तर गाडी कडेला, बॉनेटमधून वाफांचे लोट, आणि हे रस्त्यावर उभे. हेड वाकलं, त्याखालचं गास्केट जळालं, इंजिन संपलं. सेठ वाईट माणूस नव्हते. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भैया, शौक की बात अलग है, ग्राहक की गाड़ी पे मैं रिस्क नहीं ले सकता." हे सेठना म्हणाले, "चूक माहीच आहे. हेड जास्त छिललं गेलं."

मी तिथेच होते. चार पावलांवर. हळदीचं सांगायच्या ऐवजी मी यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

तुम्हाला वाटेल हाच माझा गुन्हा. नाही. एवढ्यावर थांबले असते तरी हे शोधून काढू शकले असते — रेडिएटर उघडलं असतं, आत हळदीचा गाळ दिसला असता, आणि यांना कळलं असतं की हात चुकला नाही, पाणीच फिरलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी हे दुकानात गेल्यावर मी खालचा बोल्ट सैल केला. अंगणातली पाण्याची नळी आत घातली. पिवळं पाणी आलं, पिवळा चिखल आला. मी उलट्या बाजूनंही पाणी सोडलं, इंजिनच्या पाण्याच्या वाटेतही सोडलं, नितळ येईपर्यंत धुतलं. भोकात घट्ट बसलेली हळद तेवढी निघाली नाही, ठिबकणं बंदच राहिलं. अंगणावर शेणाचा सडा टाकला. ज्या माणसानं मला इंजिन शिकवलं, त्याच्याच शिकवणीनं मी पुरावा धुतला!

संध्याकाळी यांनी रेडिएटर सोडवून त्यात पाणी ओतलं. खळखळून वाहिलं. हे म्हणाले, "रेडिएटर तर साफ आहे, शालू. मंग मीच चुकलो." मी चहा आणायला आत गेले.

त्यानंतर यांनी पाना हातात घेतला नाही. गाडी भंगारात गेली. दुकान चालू राहिलं. आणि माझं? माझं भलंच झालं. यांनीच मला लायसन्स काढून दिलं, दुकानाचा पिकअप माझ्या हाती दिला. आज मी खताच्या गोण्या घेऊन गावोगाव जाते, बाया हात दाखवतात, पोरी सोबत फोटो काढतात. हे सगळं यांचं देणं आहे. पाहुण्यांत विषय निघाला की हे अजून सांगतात, "तो दिवस लय खराब होता, पन हे बाई माह्या संग उभी रायली. एक सबद टोचून नाई बोलली." लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी मान खाली घालते, त्यांना तो माझा विनय वाटतो.

मागच्या महिन्यात अर्जुनीचे एक मास्तर आपली जुनी गाडी घेऊन दारात आले. कुणीतरी यांचं नाव सांगितलं होतं. इंजिन चालू केलं तेव्हा हे ओट्यावरून उठले, दोन पावलं गेले, मान तिरकी करून ऐकायला लागले — आणि थांबले. "नाई मास्तर," म्हणाले, "माह्या हाताले जमत नाई ते. एक इंजिन मारलं मी." मास्तर गेले. हे आत येऊन गोण्या मोजत बसले.

म्हणून लिहिलं, कुणा अनोळखी माणसाला सांगतेय असं समजून. बाबांचा जुगाड होता, मी घाबरले होते, वय कमी होतं — यातलं एकही मी पुढे करत नाही. यांनी मला जे दिलं ते मी आनंदानं घेतलं, रोज घेते, आणि यांच्याकडून जे काढून घेतलं ते लपवून ठेवलं. हे कागद आज जेवणानंतर यांच्या हातात देणार आहे. मग हे गप्प राहोत, उठून जाओत, पहिल्यांदा आवाज चढवोत.

अहो, हेड तुम्ही बरोबर छिललं होतं.