इल्ग्वार्स हवालदाराची कैद

लात्विया नुकता स्वतंत्र झाला, तेव्हा आमच्या लाझ्दाने गावचं रक्षक दल उभं राहिलं. आठवडाभर शेत आणि गोठा, सुट्टीच्या दिवशी कवायत. गणवेश कुणालाच नव्हता. कुणी वडिलांचा जुना कोट घालून यायचं, कुणी गोठ्यातले रबरी बूट; बंदुका शिकारीच्या. या गबाळ्या जमावाचं पायदळ केलं आमच्या हवालदारानं, इल्ग्वार्सनं. तो लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करायचा. चाळिशी उलटलेली, लग्न नाही. कवायतीत असा गरजायचा की नदीपलीकडची कुत्री भुंकायची. पण दुकानातल्या बाईकडे मीठ मागताना त्याचा घसा बसायचा.

वसंतात शेजारच्या उप्मला गावाच्या दलाशी आमचा सराव ठरला. फुसकी काडतुसं, खोटी लढाई. त्यांच्या ताब्यातली पाणचक्की आम्ही घ्यायची. इल्ग्वार्स टेहळणीला एकटाच दलदलीतून गेला आणि कमरेपर्यंत रुतला.

काठावर स्काइद्रीते उभी होती. दुधाचा टँकर चालवणारी उप्मलाची विधवा, त्यांच्या दलातली पहारेकरी.

"हात वर!"

"वर केले तर आणखी खाली जाईन, बाई."

"मग एकच करा."

तिनं त्याला दोरानं ओढून काढलं, चक्कीत चुलीशी बसवलं आणि खारवलेलं डुकराचं मांस घातलेले वाटाणे वाढले.

"तुमची माणसं किती?"

"सांगणार नाही."

"आणखी वाढू?"

"वाढा. पण सांगणार नाही."

इकडे हवालदाराविना आम्ही झुडपांत बसून राहिलो आणि हरलो. सराव संपल्याची शिट्टी झाल्यावर मी त्याला सोडवायला गेलो. पायात तिचे लोकरी मोजे, समोर ताट.

"चला हवालदार, सुटलात!"

"थांब रे. अन्न टाकून उठू नये."

त्यानंतरच्या प्रत्येक सरावात तो पकडला गेला. एकदा तर दलदल वाळून खडखडीत झाली होती, तरी! शेवटी मी त्याला गाठलं.

"हवालदार, तुम्ही मुद्दाम सापडता."

तो कानापर्यंत लाल झाला. "अरे, ती विचारतच नाही रे."

"काय?"

"लग्नाचं."

"तिनं का विचारावं? तुम्ही विचारा की!"

"मला कवायतीपलीकडं बोलता येत नाही."

"मग कवायतीतच विचारा!"

पुढच्या सरावात आम्ही चक्कीला वेढा घातला होता. अचानक इल्ग्वार्स उघड्यावर ताठ उभा राहिला आणि ओरडला, "स्काइद्रीते! लग्नाला... तय्यार हो!"

दोन्ही दलांच्या बंदुका थांबल्या. चक्कीच्या खिडकीतून उत्तर आलं, "शरणागती मान्य! पण आधी ते पाय धुवून या!"

लग्न उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाला झालं. पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट, टेबलांवर शहाजिऱ्याच्या वासाचं चीज आणि घरची बिअर. तिथं भांडण जुंपलं. आमचा कप्तान म्हणाला, "हवालदार आमचा!" त्यांचा म्हणाला, "कैदी आमचा!"

इल्ग्वार्स उठला, घसा खाकरला. "मी उप्मलाला राहायला जातोय. दलही तिथलंच."

"फितूर!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो आणि त्याला खुर्चीसकट खांद्यावर उचललं. स्काइद्रीतेनं बर्चच्या फांद्यांनी सजवलेला टँकर सुरू केला, नवऱ्याला शेजारी बसवलं आणि भोंगा वाजवत निघाली. दोन्ही दलं धुळीत माखत, हसत, बिअरचे पेले सांभाळत तिच्यामागं धावत सुटली.